गमरे आणि इतर

"मॅम, तुम्ही गमरे एट ऑल वाचलाय का?" ओवीने विचारलं. डिपार्टमेंटच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी चहात बिस्कीट बुडवलं होतं, ते हातात टोकापुरतं राहिलं आणि बाकीचं कपात तळाला गेलं. ओवी माझी पीएचडीची विद्यार्थिनी. समुद्र चढला, किनारा गेला, तर मच्छीमारांना भरपाई किती द्यायची आणि ती मोजायची कशी, हा तिचा विषय. म्हणजे माझाच विषय. हवामान आणि निसर्गसंपत्तीचं अर्थशास्त्र मी या खोलीत बसून इतकी वर्षं शिकवतेय की भिंतीवरची पालसुद्धा एव्हाना फर्स्ट क्लासात पास व्हावी. "नसेल वाचला तर मी पीडीएफ पाठवते," ती म्हणाली. पोरगी खोचक नाही हो. असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. तिला मनापासून वाटलं की मॅम जुन्या वळणाच्या, यांच्या नजरेतून सुटला असेल. मी म्हटलं, पाठव. का म्हटलं ते देव जाणे. शिवाजी पार्कला घरी पोचेपर्यंत मोबाइलवर तो येऊन पडला होता. माझाच पेपर. पहिल्या पानावर तीन नावं, गमरे, सांझगिरी, वर्तक. त्यातली शेवटची वर्तक म्हणजे मी. तीन लेखक असले की संदर्भ देताना पहिल्याचं नाव लिहायचं आणि बाकीच्यांना 'एट ऑल' म्हणून मोकळं व्हायचं, म्हणजे 'आणि इतर'. पहिलं पान हल्ली कोण वाचतं? ओवीने दुसऱ्या कुणाच्या तरी यादीतून तो संदर्भ जसाच्या तसा उचलला असणार. तर अशी मी वीस वर्षं इतर आहे, आणि आता माझ्याच विद्यार्थिनीने ते मला माझ्या खोलीत, माझा चहा पिता पिता सांगितलं.

बाकीच्या शास्त्रांत म्हणे ज्याने जास्त घाम गाळला त्याचं नाव आधी येतं. आम्हा अर्थशास्त्रवाल्यांत तसं नसतं. आम्ही सगळ्या जगाच्या स्वार्थाचं गणित मांडतो, पण स्वतःची नावं मात्र इंग्रजी वर्णक्रमाने लावतो, भांडणं नकोत म्हणून. ए आधी, झेड शेवटी. आता ऐका. मी माहेरची आचरेकर. ए. पेपर स्वीकारला गेला, छपाईआधीचा खर्डा आला, त्यावर छान लिहिलेलं होतं, आचरेकर, गमरे, सांझगिरी. तो खर्डा मी बघितलाय, डोळ्यांनी. त्याच महिन्यात माझं लग्न झालं. दादरच्या त्या कार्यालयात तांदळाच्या ताटात अजितने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, मीनाक्षी अजित वर्तक, आणि मला काय गहिवरून आलं होतं! आठ दिवसांनी मीच मासिकाच्या संपादकांना ईमेल केली. कुणी सांगितलं नव्हतं. अजितला तर पत्ताही नव्हता. मी आपणहून, नवीन नवरीच्या उत्साहाने लिहिलं की माझं आडनाव आता बदललं आहे, कृपया पेपरवरही बदलावं. त्यांनी बदललं. बदललं आणि वर्णक्रमाप्रमाणे व्ही उचलून शेवटी नेऊन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आचरेकर आणि इतर व्हायची ती मी एका ईमेलने इतरांत जाऊन बसले. त्या पेपराचे संदर्भ पुढे जगभर दिले गेले, भाषांतरं झाली, निकालपत्रांत उल्लेख आले, आणि दर वेळी पुढे गमरे. एकदा अजितला मी हे रडत सांगितलं होतं तर तो म्हणाला, अगं, मग त्यात काय, पेपर तर तोच आहे ना. इंजिनियर आहे तो. त्याला काय कळणार डोंबल.

राजरत्न गमरे हा माझा एमएपासूनचा वर्गमित्र. आता नॉर्वेत बर्गनला प्राध्यापक आहे, समुद्र आणि हवामान यांवरच्या कुठल्याशा मोठ्या जागतिक समितीवर आहे, आणि त्याचा फोटो येतो तेव्हा मागे नेहमी बर्फ असतं. मी फोटो बारकाईने बघते. कोट कुठला, केस किती गेले, शेजारी कोण बसलंय. मग माझ्या पोटात दुखतं. लोक म्हणतात ना, अमक्याच्या पोटात दुखतं, ते नुसतं बोलण्यापुरतं असेल असं मला तरुणपणी वाटायचं. नाही, खरंच दुखतं, बेंबीच्या जरा वर, डाव्या बाजूला. मी डॉक्टरांनाही दाखवलं, ते म्हणाले ॲसिडिटी. ओवीच्या पीडीएफनंतर चार दिवसांनी दादरच्या ग्रंथालयाच्या पुष्करचा फोन आला. गमरे सर मुंबईत येतायत, त्यांचं व्याख्यान ठेवलंय, सांझगिरी सर अध्यक्ष, आणि मॅडम, तुम्ही आभार मानाल का? घरचंच कार्य आहे. आभारप्रदर्शन! प्रास्ताविक मोठ्या माणसाला, परिचय मधल्याला, आणि आभार कुणाला, तर जो उरला असेल त्याला. आभार मानायला माणूस उभा राहतो तेव्हा लोक खुर्चीखाली चपला चाचपत असतात. माझा अगदी तीळपापड झाला. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की आभार मानणाऱ्याच्या हातात शेवटचा शब्द असतो. त्याच्यानंतर कुणी बोलत नाही. माइक माझ्या हातात असेल, समोर शंभर माणसं, मंचावर राजरत्न, आणि शेजारी आमचे गाइड सांझगिरी सर. तो पेपर मुळात कुणाच्या डोक्यातून निघाला हे राजरत्नने त्याच्या भाषणात सांगितलं तर ठीकच आहे. नाही सांगितलं, तर मी सांगणार होते. एवढंच मला हवं होतं. एकदा, माणसांसमोर, मराठीत. मी पुष्करला म्हटलं, मानते की आभार, त्यात काय एवढं.

तो पेपर कुठून निघाला ते मला लख्ख आठवतं. कफ परेडच्या मच्छीमार नगरात आम्ही दोघं प्रश्नावल्या घेऊन हिंडायचो. मागे श्रीमंतांच्या उंच इमारती, पुढे होड्या, आणि मधे दोऱ्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील. अर्थशास्त्रात एक दर असतो, उद्याच्या रुपयाची आज किती किंमत धरायची त्याचा. माणूस जितका उतावळा, तितका त्याचा उद्याचा रुपया स्वस्त. आणि गरीब माणूस उतावळाच असतो, त्याला उद्याची पर्वा नसते, असं आमच्या पुस्तकांनी ठरवून टाकलेलं. त्यामुळे मच्छीमारांचं पाणी गेलं की त्यांच्या नातवंडांचे मासे कवडीमोल धरायचे आणि भरपाई उरकायची. आम्ही दोघं त्या वाळणाऱ्या बोंबलांखाली उभे होतो. राजरत्न मान वर करून बघत होता. मला एकदम गिरगावची आई आठवली. आम्ही मालवणकडचे. पावसाळ्याआधी आई सुक्या बोंबलांचे, सुकटीचे डबे भरायची आणि आम्ही हात घातला की ओरडायची, "गो, बेगमी असा ती, आत्ताच संपवतस काय!" मी राजरत्नला म्हटलं, अरे, ही बेगमी आहे. आज ओला विकला तर आज पैसे मिळतील, तरी ही बाई वाळवतेय, थांबतेय. मग ही उतावळी कशी? ओल्या आणि सुक्या भावातला फरक काढ, तिचा थांबण्याचा दर त्यातच सापडेल. हे मी म्हटलं. मी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "परत बोल." मी परत बोलले. आणि आज जगातल्या पुस्तकांत त्याला बेगमी रेट म्हणतात, इंग्रजीत, तिरक्या अक्षरांत, आणि त्याच्यापुढे लिहितात, गमरे यांनी मांडलेला. माझ्या आईचा शब्द! आईने आयुष्यभर जो डबा पहिलटकरणीसारखा जपला, त्याच्यावर नाव गमऱ्यांचं. आयत्या बिळावर नागोबा, असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल याला मोजदाद नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी बोलते. मी वाक्य बोलले हे खरं. त्यानंतरचा अख्खा हिवाळा राजरत्न पहाटे धक्क्यावर आणि दुपारी बाजारात उभा राहून भाव घेत होता, आणि मी दादरला शालू बघत होते. गणित त्याने मांडलं. ते गणित मला आजही फळ्यावर एका दमात उतरवता येत नाही. ओवीला शिकवताना मी ती पानं 'घरी वाचा' म्हणून सोडते. हे सगळं मला कळतं. पण मत्सराला कळण्याशी काही देणंघेणं नसतं. उलट जितकं कळतं तितका तो हुशार होतो. माझ्या सासूबाई, आनंदीबाई, नव्वदीला टेकल्यात, कान शाबूत आहेत. फोनवरचं माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, तो परळचा मुलगा ना? त्यांचं काय बाई, त्यांना सगळीकडे वर चढवतात. मी अशी काही फिरले त्यांच्यावर! म्हटलं, आई, तो एमएला विद्यापीठात पहिला होता, मी सातवी होते, आणि नॉर्वेत कसला डोंबलाचा कोटा असतो हो? मला माझाच अभिमान वाटला, स्वयंपाकघरात जाऊन मी कढीला फोडणी दिली. आणि कढी ढवळता ढवळता लक्षात आलं की ते वाक्य अजून माझ्या आत आहे, आणि ते ऊबदार आहे. मी ते बोलणार नाही, बोलू देणार नाही. पण कुणीतरी ते बोललं याने माझी पोटदुखी पाच मिनिटं थांबली होती. मला स्वतःची किळस आली. कढीही फुटली.

व्याख्यानाच्या आदल्या संध्याकाळी राजरत्नचा फोन आला, कट्ट्यावर ये. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही एमएच्या वेळी तासन् तास बसायचो. तो लोअर परळच्या चाळीतून चालत यायचा आणि मी गिरगावातून बसने. चाळ आता पाडणार आहेत, म्हणून तो आला होता. आई खोली सोडायला तयार नाही, तिला समजवायचं होतं. समोर नेटमध्ये पोरं बॅटिंग करत होती. त्याचे केस गेलेत, फोटोत दिसतात त्याहून जास्त, आणि मला बरं वाटलं. त्याने आईचं सांगितलं, मी सासूबाईंचं सांगितलं. मग आडनावांवरून विषय निघाला. त्याच्या चुलतभावाने बँकेत लागताना गावावरून असुर्डेकर लावलं, भाड्याने जागा मिळायला बरं पडतं म्हणून. राजरत्नलाही सगळे म्हणत होते, बदल. त्याने नाही बदललं. मी मनात म्हटलं, आणि मी? मला तर कुणी बदल म्हणून सांगितलंही नव्हतं. एवढ्यात तो म्हणाला, "तुला माहितीय, गमरे पहिलं छापलं ना, तेव्हापासून मी एकच ऐकतोय. डोकं बाकीच्या दोघांचं, याचं नाव उगाच पुढे आलंय. दिल्लीत दोन इंटरव्ह्यू याच्यावरच गेले माझे. तोंडावर विचारायचे, यात नेमका तुमचा वाटा किती? वर्णक्रम आहे म्हटलं तर हसायचे. म्हणून तर गेलो ना बाहेर. तिकडे गमरे म्हणजे काय ते कुणाला कळत नाही."

मी विचारलं, कोण म्हणायचं असं? तो म्हणाला, माहीत नाही यार, कुठून सुरू झालं कधी कळलं नाही. पण जाईन तिथे माझ्या आधी पोचलेलं असायचं. मग हसला. "तुला कुणी विचारलं का कधी, तुझा वाटा किती?"

"मला कुणी काही विचारलंच नाही," मी म्हटलं. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

त्यावर तो मोठ्याने हसला, मीही हसले, आणि हसता हसता मी हिशेब करत होते. हा पहिल्या नावाचंसुद्धा दुःख सांगतोय. मला त्याचं वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं, आणि त्याच क्षणी वाटलं, बघ, दुःखातही याचंच दुःख मोठं. माझं काय, तर एका ईमेलची हौस नडली. याच्या दुःखाला इतिहास आहे, वजन आहे, त्याच्यावर कुणी पुस्तक लिहील. माझ्या दुःखावर फार तर जोक होईल. माणूस किती खालपर्यंत जाऊ शकतो बघा, मी त्याच्या अपमानावरसुद्धा जळले. उठताना त्याने विचारलं, उद्या काय बोलू? मी म्हटलं, तुला काय सांगायचं, तू काहीही बोल, लोक ऐकतील. आणि घरी येऊन आरशासमोर माझ्या आभाराची वाक्यं दोनदा म्हणून पाहिली. 'जाता जाता एक छोटीशी आठवण सांगते' अशी सुरुवात होती. गोड, हसत, कुणाला बोचलंय हे कळू नये अशी.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत शिवाजी पार्कचे सकाळी फिरणारे सगळे निवृत्त लोक, मागे विद्यार्थी, त्यांत ओवी. लोअर परळहून राजरत्नच्या वस्तीतली माणसं आली होती, बायका पांढऱ्या साड्यांत, त्याची आई मधोमध. सांझगिरी सर मंचावर मधल्या खुर्चीत. हेमचंद्र सांझगिरी म्हणजे एके काळी या शहरात आमच्या विषयाचा शेवटचा शब्द, आता ऐंशीच्या पुढे, हात थरथरतो, आवाज अजून खणखणीत. राजरत्न बोलायला उभा राहिला. कोट नव्हता, साधा शर्ट. मराठी त्याचं अजून परळचंच आहे, मधेच 'च्यायला' म्हणतो आणि लोक खूश होतात. समुद्र तापल्यावर बोंबील कुठे सरकतोय, किनारा कसा आत येतोय, आणि जे अजून जन्मले नाहीत त्यांच्या माशांची किंमत आज कोण ठरवणार, हे त्याने असं सांगितलं की मागची पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. मी चुका शोधत होते. एक आकडा त्याने ढोबळ सांगितला, मी मनात नोंद केली. आणि मग तो थांबला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बेगमी हा शब्द माझा नाही. ती कल्पनाही माझी नाही. ती मीनाक्षी आचरेकरची आहे. तिच्या आईच्या स्वयंपाकघरातली. मी नुसतं गणित केलं. हे मी आधीच सांगायला हवं होतं. ती इथे बसलीय, आज वर्तक म्हणून."

टाळ्या पडल्या. आधी मागून, मग सगळीकडून, आणि थांबेचनात. लोक माझ्याकडे वळून बघत होते आणि टाळ्या त्याच्यासाठी वाजवत होते. काय मोठ्या मनाचा माणूस! असं पहिल्या रांगेतून मला स्पष्ट ऐकू आलं. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते घडलं होतं, शब्दन् शब्द, मला हवं तसं, मराठीत, शंभर माणसांसमोर. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हेही यानेच केलं. मी सांगितलं असतं तर मी एक कडवट बाई झाले असते. त्याने सांगितलं तर तो मोठा झाला. माझी वस्तू त्याने मला परत दिली आणि देताना त्याची उंची आणखी वीतभर वाढली. आता माझ्याजवळ तक्रारसुद्धा उरली नाही. कालच त्याने मला सांगितलं होतं की लोक काय म्हणतात, डोकं बाकीच्यांचं म्हणून. आज तेच तो स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आईसमोर म्हणाला. त्याला हे किती जड गेलं असेल ते त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं. तरी माझ्या पोटात दुखतच होतं.

पुष्करने माझं नाव पुकारलं, आणि जोडून पुकारलं, आचरेकर-वर्तक. मी माइकसमोर गेले. 'जाता जाता एक छोटीशी आठवण' आता कशाला कामाची? ती सांगून झाली होती, माझ्यापेक्षा चांगली. मी ग्रंथालयाचे आभार मानले. सांझगिरी सरांचे मानले. माइकवाल्यांचे, चहावाल्यांचे, श्रोत्यांचे, चपला सांभाळणाऱ्या मामांचेसुद्धा मानले. मग थांबले. समोरचे सगळे चेहरे मऊ झाले होते, बायकांचे डोळे भरले होते, आता ती त्याचे आभार मानणार म्हणून सगळे किंचित पुढे झुकले होते. लग्नात सगळ्याजणी नव्या नवरीभोवती कोंडाळं करून 'घे गं नाव, घे' म्हणतात ना, आणि ती लाजतेय असं धरून हसतात, अगदी तसे ते बघत होते. घे नाव. तीन अक्षरी आडनाव धरून सगळं मिळून सात अक्षरं. तोंडात होतं ते. मी म्हटलं, "धन्यवाद," आणि जागेवर जाऊन बसले. आणि परत टाळ्या. त्यांना वाटलं बाईंचा गळा दाटून आला. ओवी तर डोळे पुसत होती. राजरत्नने मात्र माझ्याकडे बघितलं, भुवई जराशी वर केली आणि खाली मान घालून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत बसला.

चहा बाहेरच्या व्हरांड्यात होता. राजरत्नची आई माझ्यापाशी आली, माझा हात हातात घेतला, म्हणाली, तुजी आई सुकट बरी भरायची वाटतं. मी म्हटलं, हो. राजरत्न दोन कप घेऊन आला, एक मला दिला. मीच म्हटलं, तुझं नाव राहिलं. तो म्हणाला, "कळलं मला. असू दे." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. मी काहीतरी बोलणार होते, काहीतरी चांगलं, खरं. भाव घेत तू हिवाळाभर उभा होतास, ते गणित तुझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं, असलं काहीतरी. शब्द जुळत होते. तेवढ्यात पुष्करच्या आधाराने सांझगिरी सर आले. त्यांनी एक हात राजरत्नच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा माझ्या डोक्यावर, आणि अगदी प्रसन्न, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "शाब्बास गमरे, आज खरं बोललास. मी तर पहिल्यापासून सगळ्यांना हेच सांगत आलोय. दिल्लीवाले विचारायचे तेव्हाही सांगायचो, डोकं आमच्या मीनाक्षीचं, गमरेनं नुसती आकडेमोड केलीय."

राजरत्नचा कप बशीवर वाजला. तो सरांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याची आई बघत होती, ओवी बघत होती. एक वाक्य हवं होतं. नाही सर, तसं नव्हतं. चार शब्द. गाइडने, आमच्या विषयाच्या शेवटच्या शब्दाने, सगळ्यांसमोर म्हटलं होतं की डोकं माझं. ते ऐकायला मी एवढी वर्षं तडफडले होते. ते कशाने बनलंय ते मला आता दिसत होतं, आणि तरी कानाला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू. सर हसत उभे होते, आपल्या लाडक्या विद्यार्थिनीची वाट बघत. मी कप खाली ठेवला, पदर सावरला आणि वाकून सरांच्या पाया पडले. आणि वाकले ती जरा जास्तच वेळ तशी राहिले, कारण उठले असते तर राजरत्नकडे बघावं लागलं असतं.